थेंबमावशीचे दहा लिटर

पंपावरच्या त्या बाईला सगळे थेंबमावशी म्हणत. पेट्रोल भरून झालं की ती नळी खांद्यावर घ्यायची आणि आत अडकलेलं पेट्रोल टाकीत ओघळेपर्यंत ढिम्म उभी राहायची. मागची गाडी भोंगा वाजवो की शिव्या देवो. एकवीस वर्षं लोक या सवयीला हसले; रेशनिंग आलं आणि त्याच थेंबांकडे डोळ्यांत प्राण आणून बघू लागले.

परदेशी पाहुण्यांना चार दिवसांतून एक कूपन, दहा लिटरचं. ते भाड्याच्या गाडीच्या कागदांतच असतं, पण निम्म्यांना त्याचा पत्ता नसतो. ते पंपामागून पंप पालथे घालतात आणि पेट्रोल शोधण्यातच पेट्रोल जाळून बसतात.

त्या सकाळी आलेलं म्हातारं जोडपं त्यातलंच. नवरा आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला. कुणीतरी सांगितलं म्हणून भलत्याच पंपाकडे चाळीस किलोमीटर फिरून आला होता. मावशीने कागद चाळून कूपन काढून दिलं तेव्हा त्याचा चेहरा खुलला आणि लगेच पडला. बंदर एकशे सत्तर किलोमीटरवर. गाडी लिटरला चौदा देणारी, टाकीत तळाला नावापुरतं. मुलगा मालवाहू जहाजावर स्वयंपाकी. जहाज त्या संध्याकाळपुरतंच बंदराला लागणार होतं. तीन वर्षांत त्याला पाहिलं नव्हतं, असं बायको मोडक्यातोडक्या बोलीत सांगत होती.

घड्याळजीने फक्त दोन लिटर जास्त मागितले.

दोनच लिटर. रेशनिंगच्या पहिल्या आठवड्यात एका रडणाऱ्या माणसाला मावशीने असेच दोन लिटर दिले होते. दुपारी पंप आटला तेव्हा रांगेत पुढची गाडी सुईणीची होती. सुईणीने गाडी तिथेच सोडली. बॅग उचलून चालत निघाली. ती पाठमोरी बाई मावशीला अजून दिसायची, रिकाम्या रस्त्यावर, लहान लहान होत जाणारी.

"जास्तीचं काही मिळणार नाही, काका," ती म्हणाली. "पण हे डोक्यावर काय घेतलंय?"

गाडीच्या छतावर सामानाचं भलंमोठं खोकं होतं. आत दोन घडीच्या खुर्च्या आणि एक छत्री. गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीने फुकट दिलं म्हणून घेतलं, असं बायकोने सांगितलं, आणि नवऱ्याकडे असं बघितलं की तो बूट निरखू लागला.

"वाऱ्याशी कुस्ती खेळायलाही पेट्रोल लागतं. उतरवा ते."

खोकं पंपाच्या खोलीत गेलं. मावशीने चारही चाकांत हवा भरली. एसी बंद ठेवायला, साठच्या वर न जायला बजावलं. उतारावर इंजिन बंद करायचं नाही, ब्रेक दगा देतात. नुसता पाय उचलायचा. मग दहा लिटर मोजून सोडले, नळी खांद्यावर घेतली आणि नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ उभी राहिली.

घड्याळजीची नजर पेट्रोलच्या काट्यावर खिळली होती.

"जन्मभर काटेच बघितलेत ना? मग आता वेगाचा बघा. तो सांभाळलात की हा सांभाळेल."

गाडी बैलगाडीच्या चालीने वळणाआड गेली. पुढचे चार दिवस खोलीत शिरताना मावशी त्या खोक्याला अडखळत राहिली. पाचव्या दिवशी वाटलं, खोकं इथेच राहणार. आपण नियम पाळला आणि एका आईची वाट अडवली.

दुपारी तीच गाडी रांगेत न शिरता कडेला लागली. दुसरं कूपन त्यांनी बंदरावरच वापरलं होतं. आले होते ते खोक्यासाठी. बायकोने खाली उतरून मावशीचे दोन्ही हात धरले. मुलगा अंगातला एप्रन न काढताच बंदराच्या फाटकावर धावत आला होता.

"एक तास सत्तेचाळीस मिनिटं मिळाली," घड्याळजी म्हणाला. "शेवटचे अकरा किलोमीटर काटा तळाला टेकला होता. मी बघितला नाही."

"खोटं," बायको म्हणाली. "दर मिनिटाला बघत होते."

मावशी हसत खोकं आणायला निघाली. वळून बघते तर घड्याळजी जागेवर नाही. रांगेत एक परदेशी कुटुंब उभं होतं, गाडीच्या छतावर तसलंच खोकं. तो त्यांच्या खिडकीशी वाकला होता.

"आधी ते डोक्यावरचं उतरवा," तो मोठ्या अनुभवी माणसासारखं समजावत होता. "आणि ती बाई नळी धरून उभी राहील, तेव्हा घाई करू नका."