चढावर पाचवा गिअर

माझ्या सासऱ्यांना सगळं गाव सावकाश मास्तर म्हणतं. मोटार शिकवण्याचा त्यांचा वर्ग बाजाराच्या मागच्या गल्लीत होता. पत्र्याचं छप्पर, एक टेबल, वाहतुकीच्या खुणांचा रंग उडालेला तक्ता, आणि दाराशी ती जुनी मोटार, जिला शिकणाऱ्याच्या पायाशी एक ब्रेक आणि मास्तरांच्या पायाशी दुसरा. डॉक्टर, दूधवाला, शाळेच्या मुख्याध्यापिका, पोस्टातले साहेब, सगळे तिथेच शिकले. मीही. सून होण्याआधी मी त्यांची शिकाऊ होते. लग्नात पाहुण्यांना ते सांगत होते, "मुलगी पारखून घेतलीय. चढावर अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवते, तसूभर मागे येऊ देत नाही."

त्यांचं सगळं शास्त्र दोन वाक्यांत मावायचं. गाडीने जरा वेग घेतला की वरचा गिअर टाका, इंजिनाला ओरडू देऊ नका. आणि गाडी थांबली की लगेच किल्ली फिरवा, इंजिनाला रिकामं जळू देऊ नका. कुणी दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळलं की मान तिरकी करून विचारायचे, "काय हो, ते का रडतंय? चिमटा काढलात का?" शिकणारा लाजायचा आणि गिअर बदलायचा. असं लाजून लाजून आमच्या हातांना वळण लागलं.

आणि त्यांचं खरंही होतं. त्या जुन्या मोटारीचा पत्रा गंजून खालचा रस्ता दिसायला लागला तरी इंजिनाला काही झालं नव्हतं. भंगारवाल्याने ते लाकूड कापायच्या यंत्राला जोडलं. तिथेही ते चाललं.

माझा नवरा बंदरावर कामाला आहे, पंधरा दिवस तिकडे आणि पंधरा दिवस घरी. वर्ग बंद झाल्यावर त्याने घरासाठी नवी गाडी आणली. उंच, रुंद, मागे चार बॅगा सहज मावतील अशी. बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आधी बॉनेट उघडायला लावलं. आत बघितलं, मग वाकून आणखी आत बघितलं.

"इंजिन कुठंय?"

"हे काय, बाबा."

"हे? एवढ्या थोरल्या गाडीला शिलाई मशीन बसवलंय?"

"तीन सिलिंडर आहेत, पण टर्बो आहे. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो, तो जास्तीची हवा आत दाबतो. त्यामुळे लहान इंजिन मोठ्याचं काम करतं."

"म्हणजे पोराला कोंबून कोंबून खायला घालायचं आणि बापाचं काम करून घ्यायचं."

"मूर्ती लहान, कीर्ती महान, बाबा."

"मूर्ती बघितली. कीर्ती बघू."

ती त्यांनी त्याच संध्याकाळी नदीपलीकडच्या चढावर बघितली आणि हरखून परत आले. पाचव्या गिअरमध्ये, जुनी मोटार बंद पडली असती इतक्या हळू, ही गाडी चढ चढून गेली होती. जुनी गाडी अशा वेळी थरथरायची, मान हलवून नाही म्हणायची, मग नाइलाजाने खालचा गिअर टाकावा लागायचा. "ही नाही म्हणतच नाही," बाबा म्हणाले. "आयुष्यभर अशी गाडी हवी होती मला."

वर्षभराने आमच्या मुलीला घाटापलीकडच्या तलावावर पोहण्याच्या प्रशिक्षणासाठी निवडलं. आठवडाभर तिथल्या वसतिगृहात राहायचं, तिथल्याच शाळेत जायचं, शनिवारी घरी. सोमवारी पहाटे जायला बस नाही, आणि मी शिकवते त्या शाळेत सोमवारी पहिला तास माझा. त्यामुळे नेण्या-आणण्याचं काम बाबांकडे आलं. ते तिला टिटवी म्हणतात, कारण ती गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत बोलते. घाटाचा रस्ता अरुंद आहे. एका बाजूला कापलेला डोंगर, दुसऱ्या बाजूला गुडघाभर उंचीचा कठडा, आणि मधून खाणीतले ट्रक. तरीही मी निर्धास्त होते. सबंध गावाला ज्याने शिकवलं त्याच्या हातात माझी मुलगी होती.

तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला एका शनिवारी, तिला आणायला बरोबर गेले तेव्हा. चढ सुरू झाला होता, गाडी संथ चालली होती, आणि पुढून कुठून तरी आलं, टक्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एकदा. बंद खोलीतून कुणी बोटाच्या पेराने एकदाच दार वाजवावं आणि आपण कान दिल्यावर गप्प बसावं, तसं.

"बाबा, काय वाजलं?"

"खडी उडाली असेल चाकाखालून."

परतताना टिटवी मागून म्हणाली, "आजोबा, खडी दर वेळी चढावरच कशी उडते?"

"कारण चढावर तू जास्त बोलतेस. तिलाही बोलावंसं वाटतं."

ती हसली. मी मात्र त्या दिवसापासून मोजायला लागले, आणि मोजू नये असं ठरवूनही मोजत राहिले. फोनवर नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तुला फ्रिजचा आवाजसुद्धा भुताचा वाटतो."

"फ्रिजमध्ये बसवून मुलीला घाटातून नेत नाही आपण."

"बाबा चालवतायत ना? मग? गाडीतलं बाबांना कळत नसेल तर कुणाला कळणार?"

बाबा एका लग्नाला गेले होते त्या दिवशी मी गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. शहराबाहेर मोठी शेड, आत पांढरे दिवे, जमिनीवर तेलाचा एक डाग नाही. तिथल्या सुपरवायझर बाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी यंत्र जोडून बघितलं, काही सापडलं नाही. मग स्वतः गाडी घेऊन मागच्या टेकडीवर गेल्या, मी शेजारी. इंजिन चांगलंच घुमत होतं, मला लाज वाटेल इतकं. पण टक् असं एकदाही वाजलं नाही.

"आवाज नाहीये," मी म्हणाले. खरं तर हायसं वाटायला हवं होतं.

"तुम्ही चालवा बरं."

मी चालवायला लागले. टेकडीच्या मध्यावर ते आलं. टक्.

बाईंनी माझ्या हाताकडे बघितलं. "पाचवा का टाकलात? चढ आहे की."

"सवय आहे."

त्यांनी गाडी बाजूला घ्यायला सांगितली. मी थांबवली आणि किल्ली फिरवली. "हेही नका करू," त्या म्हणाल्या, "चढ चढून आल्यावर जरा चालू राहू द्यायचं. टर्बो लाल होईपर्यंत तापलेला असतो. इंजिन बंद की तेल बंद, मग आतलं तेल तिथेच करपतं." मग त्यांनी त्या आवाजाचंही कारण सांगितलं. लहान इंजिन, वरचा गिअर, वेग कमी आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असला, की आत कोंबलेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण कधीकधी ठिणगीची वाटच बघत नाही. पिस्टन वर येत असतानाच पेटतं. वर येणाऱ्याच्या डोक्यात हातोडा बसावा तसं.

"रोज बसतो असं नाही. पण बसला की बसला."

"मग किती टिकेल?"

"नीट चालवलं तर पुष्कळ टिकतात ही इंजिनं, उगाच बदनाम आहेत. पण अशी चालवली तर मी शब्द देणार नाही. जुनी इंजिनं कण्हत कण्हत जायची, घरच्यांना तयारीला वेळ मिळायचा. ही जेवता जेवता जातात."

गाडीची किल्ली परत देताना त्यांनी विचारलं, "नदीकाठच्या गावच्या ना तुम्ही? तिकडच्या गाड्या आमच्याकडे जरा लवकरच येतात. अशाच, पिस्टन गेलेल्या. आमच्यात थट्टा चालते की तिकडचं पाणीच वाईट."

मला डॉक्टरांची गाडी आठवली, मुख्याध्यापिकांची आठवली. दोघांकडेही असंच उंच धूड आणि आत तेवढंसं इंजिन.

त्या रात्री जेवताना मी बाबांना सगळं सांगितलं, गावातल्या गाड्यांचं सोडून. ते शांतपणे ऐकत होते. ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, "त्या बाईंना कुणी शिकवलं?"

"माहीत नाही, बाबा."

"मला माहीत आहे तुला कुणी शिकवलं." त्यांनी हात धुतले. "तिसऱ्यात चढवू म्हणतेस. अख्खा घाट."

"फक्त चढ."

"टिटवीचे कान किटतील."

"किटू देत."

"बरं," ते म्हणाले. "तुझं समाधान."

पण समाधान होईना. पुढच्या सोमवारी मी शाळेत रजा टाकली आणि मागच्या सीटवर मुलीशेजारी बसले. बाबांना ते आवडलं नाही. घाट सुरू झाल्यावर त्यांनी खरोखरच तिसरा टाकला. इंजिन वर चढलं, घुमायला लागलं. आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता. कुणी कानाशी मूल रडवत असावं तसे ओठ आवळलेले, कपाळावर घाम. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. टिटवी आपल्या प्रशिक्षकाची नक्कल करून दाखवत होती, मी हसत होते. आणि मग गाडीत शांत वाटायला लागलं. इतकं बरं वाटलं ते, की ते का शांत झालं हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पुढे खाणीचा ट्रक रांगत होता. त्याच्यापुढे सरळ रस्ता, मोकळा. बाबांनी गाडी बाहेर काढली आणि पाय दाबला.

टक्. टक्. मग एक धप्प, पायाखाली जाणवलेला. गाडी तीन पायांच्या स्टुलाचा एक पाय मोडावा तशी हलायला लागली आणि तिचा जोर गेला. आम्ही ट्रकच्या बरोबरीने होतो, त्याची चाकं खिडकीच्या उंचीची, आणि वरच्या वळणावरून एक टेम्पो उतरत होता. त्याने दिवे मारले. टिटवी बोलायची थांबली.

बाबांनी जे केलं ते दुसऱ्या कुणाला जमलं नसतं असं मला आजही वाटतं. पाय उचलला, गिअर सोडवला, ब्रेक इतक्या बेताने दाबला की ट्रक पुढे सरकत गेला आणि आम्ही त्याच्या मागच्या फळीला जवळजवळ घासून आपल्या बाजूला आलो. टेम्पो हॉर्न वाजवत गेला. कठड्याशी गाडी थांबली. मागे निळा धूर पसरला होता. बाबांनी उतरून चाकांमागे दगड लावले, आणि मग दरीकडे तोंड करून उभे राहिले.

"तुम्ही पाचव्यात होतात," मी म्हणाले.

"असेन." मग म्हणाले, "एकदा तरी थरथरायला हवी होती ती."

कंपनीने इंजिन बदलून दिलं. सुपरवायझर बाईंनी जुना पिस्टन बाबांच्या हातात ठेवला. त्याच्या कडेचा नखाएवढा तुकडा उडालेला होता. बाबांनी तो तळहातावर उलटसुलट केला, बोट फिरवलं, आणि विचारलं, "आमच्या गावातून असे आणखी येतात का?" बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली नाही, पण बाबांना ते कळलंच.

त्यानंतरचा महिनाभर ते गावभर फिरत होते. डॉक्टरांच्या दवाखान्यात रोग्यांच्या रांगेत बसून वाट बघितली. डॉक्टर हसले. "मास्तर, तुम्हीच गिरवून घेतलंत, आता तुम्हीच पुसायला सांगता? आता या वयात हात ऐकतो का?" दूधवाला म्हणाला, "तिसऱ्यात घातली तर लोक म्हणतील, याला मास्तरांनी शिकवलं नाही." मुख्याध्यापिकांनी चहा दिला, सगळं नीट ऐकून घेतलं, गेटपर्यंत सोडायला आल्या. बाबा रस्त्याला लागले तेवढ्यात त्या गाडी घेऊन निघाल्या, शाळेच्या चढावर, एकदम शांत.

आता सोमवारचा पहिला तास मी बदलून घेतला आहे. गाडी मी चालवते, बाबा शेजारी, टिटवी मागे. बाबांनी स्वतःहून किल्ली माझ्या हातात दिली. नवऱ्याला वाटतं, प्रश्न मिटला.

परवाच्या सोमवारी घाटात धुकं होतं. मी दिवे लावून जपून चालले होते, पुढे ट्रक नव्हता, मनात दुसरं काही नव्हतं. टिटवी बराच वेळ गप्प होती, म्हणून मला वाटलं झोपली असेल.

"आई," ती मागून म्हणाली, "कितवा आहे?"

मी खाली बघितलं. पाचवा.

बाबांकडे बघितलं. ते समोर बघत होते, हात मांडीवर, चेहरा निवांत. माझ्या शिकाऊ दिवसांत मी चांगली चालवली की त्यांचा असाच चेहरा व्हायचा. माझा हात खाली गेला तेव्हा कुठे ते भानावर आले. मी तिसरा टाकला, इंजिन ओरडलं, आणि त्यांनी दाराची मूठ घट्ट धरली.

वसतिगृहाशी मुलीला सोडून, इंजिन चालू ठेवून, आम्ही दोघं गाडीतच बसून राहिलो. गाडी कुठल्या वळणापासून पाचव्यात होती, ते दोघांनाही आठवेना.