बडीशेपेची बाटली

घोड्यांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरबाईंना एकतीस वर्षांत कुणी घाईत पाहिलं नव्हतं, आणि गेल्या चार महिन्यांत कुणी हसताना पाहिलं नव्हतं. मागच्या खोलीत त्यांचं राज्य होतं. एक लांब टेबल, वजनकाटा, दगडी खल, औषधांचा फ्रिज आणि खिडकीला जुन्या पडद्याचा तुकडा, कारण काही औषधांना ऊन सोसत नाही. पाचशे किलोच्या जनावराला माणसांच्या गोळ्या द्यायच्या तर ओंजळीनं द्याव्या लागतील. म्हणून डॉक्टरांनी लिहून द्यायचं, बाईंनी भुकटी तोलायची, खलायची, तेलात नाहीतर पाकात कालवून चाटण करायचं आणि बिनसुईच्या जाड सिरिंजांमध्ये भरून पाठवायचं.

हे चाटण घोड्याच्या गळी उतरवणं हीच खरी विद्या. “गाढवाला गुळाची चव काय, असं ज्यानं म्हटलं त्यानं घोडा पाहिला नसणार,” असं बाई म्हणायच्या. कडू औषध घोडा ओठांच्या कोपऱ्यातून असं सोडून देतो, की देणाऱ्याची बाही भिजल्यावरच ते कळतं. बाईंची एक वही होती. तिच्यात कुठल्या घोड्याला काय आवडतं ते लिहिलेलं होतं. कुणाला सफरचंद, कुणाला पुदिना. एका नाठाळ घोड्याला लवंग लागायची. तो घोडा कधीच गेला, लवंगेची बाटली राहिली. आणि घोडेस्वारीच्या शाळेतल्या म्हातारीला बडीशेप.

म्हातारी म्हणजे सत्तावीस वर्षांची करडी घोडी. अर्ध्या गावातली पोरं तिच्या पाठीवरून पडत पडत मोठी झाली होती. आता तिच्या खुरांच्या आत सूज होती. सुया टोचून टोचून मानेच्या शिरा कामातून गेल्या होत्या. सकाळ-संध्याकाळ बाईंचं चाटण पोटात गेलं, तरच तिला उभं राहवायचं.

औषधांच्या डब्यांवर नाव, तारीख, सही, सगळं चोख होतं. त्यात बाईंची चूक काढायला कुणी जन्मायचं होतं. चवीच्या अर्कांच्या चौदा बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या मात्र तेलकट बोटांनी केव्हाच पुसल्या गेल्या होत्या आणि बाईंनी त्या पुन्हा लावल्या नव्हत्या. बूच काढायचं, हुंगायचं, थेंब टाकायचे. नाक असताना चिठ्ठी कशाला?

चार महिन्यांपूर्वी एका तापात ते नाक गेलं. ताप उतरला, पण वास काही परतला नाही, आणि जाताना चवही घेऊन गेला. बाई कुणाला बोलल्या नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची. बाटल्यांच्या जागा हाताला पाठ होत्या, डावीकडून तिसरी बडीशेप, चौथी लवंग. काम सोडून घरी बसायचं तर करायचं काय, या एका प्रश्नाला भिऊन त्या रोज वेळेवर येत होत्या. रोज थोड्या जास्त थकून घरी जात होत्या. खोटं वागायला फार ताकद लागते, आणि साठीला ती कुठून आणायची?

त्या दिवशी सकाळी शाळेच्या पागेत म्हातारीची निगा राखणारा मोतद्दार आला आणि त्यानं भरलेल्या सिरिंजांचा डबा टेबलावर ठेवला.

“हे परत घ्या बाई. आता नाही लागायचं. डॉक्टर चार वाजता येतायत, शेवटचं इंजेक्शन घेऊन.”

बाईंनी हातातला बत्ता खाली ठेवला. “घेतच नाही का?”

“आठ दिवस झाले. सिरिंज दिसली की तोंड फिरवते. दोन दिवसांपासून उठलेली नाही. डॉक्टर म्हणाल्या, कधीकधी जनावर आपलं आपण ठरवतं. मलाही तसंच वाटतंय. दमली हो ती.”

दमणं म्हणजे काय, ते बाईंना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी मान हलवली.

मोतद्दार दारात थांबला. “एक विचारू? औषध बदललंय का? दातांच्या डॉक्टरकडे येतो ना, तसा वास येतो याला.”

“नाही बदललं,” बाई म्हणाल्या. “तू जा. तिच्यापाशी बस.”

तो गेला आणि बाई बाटल्यांच्या फळीपाशी गेल्या. दातांच्या डॉक्टरकडे लवंगेचा वास येतो. नऊ दिवसांपूर्वी सुतारानं फळी बदलली होती. बाटल्या उतरवल्या त्यानं, परत लावल्याही त्यानंच. “जशा होत्या तशाच ठेवल्यात बाई,” असं म्हणालाही होता, आणि बाईंनी बूच काढून बघितलं नव्हतं. बघून कळणार काय होतं? दोन्ही अर्क पिवळट, दोन्ही तेलकट. आता त्यांनी तिसरी बाटली उघडून नाकाशी धरली, मग चौथी. दोन्हींतून कसलाच वास आला नाही.

एक वाजता नवरा डबा घेऊन आला. निवृत्त झाल्यापासून तो रोज यायचा आणि स्टुलावर बसून त्यांच्यासोबत जेवायचा. बाईंनी डबा उघडला नाही. दोन बाटल्या त्याच्यापुढे ठेवल्या.

“यातली बडीशेप कुठली?”

त्यानं चष्मा वर सरकवून आळीपाळीनं हुंगलं. “ही. आणि ही दुसरी लवंग आहे.” मग हळूच म्हणाला, “तुला येत नाहीये ना वास?”

“तुला काय माहीत?”

“चार महिने भाजी खातोय तुझ्या हातची. कधी मीठच नाही, कधी दोनदा.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू सांगशील म्हणून थांबलो. आणि तुला वाईट वाटलं असतं.”

बाईंना एकाच वेळी रडू आलं आणि रागही आला. माणूस प्रेमापोटी खारट गिळत होता, आणि घोडीनं तोंड फिरवून खरं ते सांगितलं होतं. तिचं ऐकायला मात्र कुणाला सुचलं नाही. म्हातारी जगण्याला कंटाळली, असंच सगळ्यांनी धरलं.

बाईंनी औषध तोललं, खललं, बरोबर बाटलीतले थेंब टाकले. सिरिंजा भरताना एक विचार आलाच. हे गुपचूप पागेत पाठवावं. घोडीनं घेतलं तर चमत्कार म्हणतील, बाईंच्या हाताला गुण आहे म्हणतील. कुणाला काही कळायचं नाही. तो विचार त्यांनी पाच मिनिटं तरी मनात घोळवला, खोटं कशाला सांगा. मग त्या पुढच्या खोलीत गेल्या.

डॉक्टर म्हणजे थोरल्या डॉक्टरांची लेक. हिचा गृहपाठ बाईंच्या टेबलाखाली बसून झालेला. ती बॅग भरत होती.

“चारचं इंजेक्शन थांबव,” बाई म्हणाल्या. “घोडीनं काही ठरवलेलं नाही. मी तिच्या औषधात लवंग घातली.”

मग उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. डॉक्टर खुर्चीत बसली.

“चार महिने, काकू? मला एका शब्दानं बोलला नाहीत?”

“नाही.”

“आज मी तिला मारणार होते. तुमच्या भरवशावर.”

“हो.”

“या चार महिन्यांत ज्यांना ज्यांना औषध गेलंय त्या सगळ्यांना मी आज फोन करणार आहे. आणि यापुढे तुम्ही एकट्यानं काही बनवायचं नाही.”

“औषधं तोलूनच घातलीत. पण कर फोन,” बाई म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी छाती मोकळी वाटत होती.

चार वाजता दोघी पागेत गेल्या. म्हातारी कोपऱ्यात आडवी होती. बाई गुडघे धरत खाली बसल्या. सिरिंज पाहताच घोडीनं तोंड फिरवलं. बाईंनी जबरदस्ती केली नाही. थोडं चाटण तळहातावर घेतलं आणि हात तसाच धरून ठेवला. हात भरून आला तरी हलवला नाही. बऱ्याच वेळानं घोडीच्या नाकपुड्या हलल्या. तिनं मान वळवली, तळहात चाटून पुसला आणि बोटांच्या फटीत आणखी शोधलं. मोतद्दार भिंतीकडे तोंड करून रडायला लागला.

“आठ दिवस बघू,” डॉक्टर म्हणाली आणि बॅगेची चेन लावली. परत आल्या आल्या तिनं पहिला फोन लावला.

दवाखान्यात नवरा अजून स्टुलावर बसून होता. बाईंनी कोऱ्या चिठ्ठ्या, डिंक आणि जाड पेन घेतलं. उद्या या टेबलाशी जे कुणी बसेल त्याला वाचता यावं, म्हणून मोठं अक्षर काढायचं ठरवलं. नवऱ्यानं एकेक बाटली हुंगून नाव सांगायचं, बाईंनी लिहायचं. सफरचंद. पुदिना. गाजर. लवंग.

“ही बडीशेप,” तो म्हणाला.

बाईंनी बाटली घेतली, सवयीनं बूच काढून नाकाशी नेली आणि डोळे मिटून थोडा वेळ थांबल्या. मग बूच लावलं आणि त्याच्या शब्दावर ‘बडीशेप’ असं लिहिलं.