वाळत्या मिरच्यांचा क्रम

तिसऱ्या वर्षाला कथनशास्त्राचा पेपर मी बरीच वर्षं शिकवते आहे. जे घडलं त्याचा क्रम आणि ते सांगण्याचा क्रम या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे पहिल्या तासाला सांगायचं. मग पात्रांची कामं: नायक, त्याला आडवा येणारा, त्याला मदत करणारा. मग एकेक प्रसंग काढून पाहण्याची कसोटी. प्रसंग काढला तरी कथा तशीच उभी राहिली, तर तो प्रसंग कथेचा दुवा नव्हता. शेवटी मुलांनी एखादी कलाकृती निवडायची, तिला हे सगळं लावून दाखवायचं आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर तोंडी उत्तरं द्यायची. बहुतेक जण पाठ्यपुस्तकातली कथा घेतात.

यंदा एका गटानं स्वतः बनवलेलं गाणं घ्यायचं म्हटलं. अहिराणी गाण्याचे व्हिडिओ बनवणं हा आमच्या भागात मुलांचा मोठा उद्योग आहे. लग्नाच्या वरातीत वाजलं की गाणं पोहोचलं असं ते मानतात. या गटातल्या एका मुलीनं गाणं लिहिलं होतं, दृश्यं जुळवली होती. वर्गातलाच एक तळोद्याचा मुलगा त्यात नायक होता. गाण्याची गोष्ट साधी: मिरचीच्या पथारीवर काम करणारी मुलगी, तिला भेटणारा मुलगा, मग त्याचं कामासाठी सुरतेला जाणं.

स्वतःच्या कामाकडे तटस्थपणे पाहता येत नाही, असं सांगून मी नकार देणार होते. दिला नाही. त्या गाण्यात काही क्षण माझे यजमान आहेत, हे मला माहीत होतं. पाहिलं मात्र नव्हतं.

नंदुरबारच्या बाहेर रस्त्याकडेच्या मोकळ्या जमिनी थंडीत लाल होतात. बाजारातली ओली मिरची तिथं पसरतात आणि वाळली की पोती भरतात. त्या जागेला पथारी म्हणतात. सासरची तापीकाठची केळी आणि कापूस थोरले दीर पाहायचे. यजमानांचं मन मिरचीत होतं. मागच्या हंगामात माझ्या विद्यार्थ्यांनी गाण्यासाठी जागा मागितली, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं होतं की मुलं चपला काढतील ना. वैशाखात ते गेले. छातीत दुखतं म्हणाले आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. यंदा त्या जमिनीवर दुसऱ्या कुणाची मिरची आहे. कॉलेजला जाताना माझी रिक्षा तिथूनच जाते.

आमच्या घरात व्हिडिओ काढण्याची सवय नव्हती. चालते-बोलते ते आता फक्त या मुलांच्या गाण्यात उरले होते.

वर्गात पडदा लावून गाणं दाखवलं. भेटीच्या प्रसंगात नायक-नायिका मिरच्यांच्या कडेनं चालत असतात. मध्येच डोक्याला रुमाल बांधलेले यजमान डावीकडून येतात आणि हात वर करून ओरडतात, "ए हिरो, पाय उचलीसन चाल!" पुढचं बोलणं ढोलकीखाली दबून जातं. वर्ग हसला. मी मागच्या बाकावर बसले होते. रुमाल कुठला ते मला ओळखू आलं.

"काकांचं काम काय?" मी विचारलं. सगळे त्यांना काकाच म्हणत.

"विरोधक, मॅडम," मुलगी म्हणाली. "प्रेमात आडवे येतात."

"मग नायक त्यांच्यावर मात कुठं करतो?"

ती फाईल चाळू लागली. तेवढ्यात खिडकीजवळून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, त्या मिरच्या पहा ना. काका उनात की मिरच्या ओल्या व्हतस, काका गयात की सुकी जातस!"

वर्ग पुन्हा हसला, या वेळी बाकं वाजवून. गाणं मागं नेऊन पाहिलं. खरंच होतं. भेटीच्या प्रसंगात मिरच्या काळपट, सुरकुतलेल्या, पोत्यात भरायला आलेल्या. काका येतात तेव्हा त्यांच्या पायाशी मिरच्या फुगीर, चकचकीत लाल, कालच गाडीतून ओतल्यासारख्या. काका जातात आणि मिरच्या परत वाळतात. शेवटच्या निरोपाच्या प्रसंगात पुन्हा ओल्या.

दुसऱ्या गावच्या प्रेक्षकाला यात काही दिसलं नसतं. त्याच्यासाठी सगळं लालच. आमच्याकडं मात्र मिरची किती दिवसांची आहे ते रिक्षातून जाता जाताही कळतं. मुलांनी निरोपाचा प्रसंग आधी चित्रित केला होता, कारण नायकाला तळोद्याला बहिणीच्या साखरपुड्याला जायचं होतं. भेट तो परतल्यावर घेतली, तोवर मिरची वाळली होती. काका निरोपाच्या दिवशी मध्ये आले होते. ते दृश्य गमतीचं वाटलं म्हणून यांनी भेटीत घुसवलं. पथारीवर वाढलेल्या मुलांनी ही चूक करावी याचं नवल वाटलं. पण जोडकाम करताना त्यांचं लक्ष चेहऱ्यांवर होतं.

"मग आधी निरोप घिसन मंग भेटनात का रे?" कुणीतरी नायकाला विचारलं.

मुलगी हसली नाही. तास संपल्यावर ती माझ्याकडे आली. "मॅडम, निरोप आधी घेते आणि भेट नंतर. म्हणजे ती पहिली भेट राहणार नाही, तो परत आलाय असं होईल. दृश्यं तीच, एकही नवीन घ्यायला नको."

हे तिला सुचलं याचा मला आनंद झाला. पेपरातली सगळ्यात अवघड गोष्ट तिला मिरच्यांवरून समजली होती.

मग ती म्हणाली, "फक्त काका कुठंच बसत नाहीत. भेटीत ठेवले तर मिरच्या जुळत नाहीत. निरोपात ठेवले तर लोक हसतील. आणि तुमच्या कसोटीनं पाहिलं तर..."

"तर?"

"काढले तरी कथा तशीच राहते."

कसोटी माझी होती, मी फळ्यावर लिहून दिली होती आणि तिनं ती बरोबर लावली होती. काम तुमचं आहे, तुम्ही ठरवा, असं मी म्हणाले. घरी आल्यावर मी वर्गाच्या टिपणांत त्या कसोटीला अपवाद शोधला. वर्णनाचा, वातावरणाचा, लयीचा असे अपवाद पुस्तकांत दिलेले असतात. कुणाला तरी ते पात्र दिसत राहायला हवं आहे, असा अपवाद कुठल्या पुस्तकात नाही, आणि नसणं योग्यच आहे.

पुढच्या आठवड्यात त्यांनी नवी जुळणी दाखवली. पडदा उजळला आणि आधी यजमानांचा फोटो आला. चौकातल्या फलकावर लावला होता तोच, चंदनाच्या हारासह. दोन्ही बाजूंना समया, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. त्यानंतर लगेच काका रुमाल बांधून डावीकडून आले, हात वर केला, ओरडले, आणि मग गाणं सुरू झालं.

या वेळी कुणी हसलं नाही. काही जणांनी माझ्याकडे वळून पाहिलं आणि मान खाली घातली. मुलगी माझ्याकडे आशेनं बघत होती. त्यांनी हे मायेनं केलं होतं. काकांना काढून टाकणं तिला जमलं नव्हतं, म्हणून तिनं त्यांना गोष्टीच्या बाहेर, दारात नेऊन बसवलं होतं.

मी उभी राहिले आणि शिकवताना बोलते तसंच बोलले. "मागच्या वेळी याच जागी वर्ग हसला होता. वाक्य तेच, माणूस तोच. मग आज काय बदललं?"

मग मीच सांगितलं.

"आज आपल्याला आधीच शेवट सांगितला. त्यामुळे पडद्यावरच्या माणसाला जे माहीत नाही, ते आपल्याला माहीत आहे. त्याला तर मिरच्यांची काळजी पडली आहे. ती फोटोची पाटी काढा."

"मॅडम, पण पाटी नको कशी?" नायक म्हणाला. "आमच्याकडं लोक नाव ठेवतील. ज्यांच्या पथारीवर नाचले त्यांना साधी श्रद्धांजली पण दिली नाही म्हणतील. मन्हा बापच पहिले म्हणी."

त्याचं खरं होतं. थोरले दीरही तेच म्हणाले असते.

"श्रद्धांजली गाण्याच्या खाली, जिथं सगळ्यांची नावं येतात, तिथं लिहा," मी म्हणाले. "गोष्टीत नको."

"मग गोष्टीत काका पण नकोत?" त्यानं विचारलं. त्याच्या मनात काही नव्हतं, त्यानं सरळ विचारलं होतं. हो म्हणणं हेच माझ्या विषयाला धरून होतं.

मुलगी मोबाइलमध्ये काहीतरी शोधत होती. "मॅडम, ते पुढं पण बोलले होते. आम्ही ते ढोलकीखाली दाबलं. मूळचं आहे माझ्याकडं." तिनं मोबाइल पडद्याला जोडला.

गाणं नव्हतं, नुसता वारा आणि रस्त्यावरच्या ट्रकचा आवाज. निरोपाचा प्रसंग चालू होता. नायक डोळे पुसत मागं मागं सरकत होता आणि त्याचे पाय मिरच्यांत शिरले होते. यजमान डावीकडून आले. "ए हिरो, पाय उचलीसन चाल! तुले रडनं व्हई ते बाजूले रड. मिरच्यासवर नको." मग नायिकेकडे वळून, आवाज खाली आणून, "आनि तू काय देखी ऱ्हायनी बेटा? त्याले पानी पाज. सुरतले जाई ऱ्हायना ना तो."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते. गेलेल्या माणसाचं नवं वाक्य ऐकायला मिळेल अशी माझी अपेक्षा नव्हती. मी खडूचा डबा बंद केला, पुन्हा उघडला.

"त्यांनी गोष्ट ऐकली होती का?" मी विचारलं.

"हो. चहा पिताना मीच सांगितली होती," मुलगी म्हणाली. "तो सुरतेला चाललाय हे त्यांना माहीत होतं."

"म्हणजे ते आडवे आलेले नाहीत."

"नाही मॅडम. ते..." ती विचार करू लागली. "पाणी पाजायला तेच सांगतात. त्यानंतर ती त्याला तांब्या देते. ते पण आम्ही घेतलंय. काका बाजूला झाल्यावर खरंच पाणी दिलं होतं तिनं."

"मन्हा रडाना सीन शे," नायक म्हणाला. "लोक हसतील ना."

"हसतील. मग ती तांब्या देईल," मुलगी म्हणाली. "मग बघ."

बाहेरचे परीक्षक आले ते लांबच्या जिल्ह्यातले, थोडे कंटाळलेले गृहस्थ. पथारी त्यांना माहीत नव्हती, मिरच्यांचा क्रम त्यांना समजावून सांगावा लागला. माझ्याबद्दलही त्यांना काही माहीत नव्हतं. मी शेजारच्या खुर्चीवर गुणांचा कागद घेऊन बसले. गाणं निरोपानं सुरू झालं. नायक रडत मागं सरकला, यजमान आले, ओरडले, आणि 'मिरच्यासवर नको' हे ऐकून परीक्षक मोठ्यानं हसले. चष्मा काढून डोळे पुसले. मग ढोलकी थांबली, नायिकेनं तांब्या पुढं केला, नायक उभ्या उभ्या पाणी प्यायला आणि रस्त्याकडे निघाला. परीक्षकांनी चष्मा लगेच परत घातला नाही.

नंतर त्यांनी विचारलं, "या गृहस्थांचं कथेतलं कार्य काय?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं नाही. "सर, ते मिरच्या सांभाळतात," ती म्हणाली. "आणि त्यांच्यामुळे निरोप नीट होतो. त्यांना काढलं तर तो तहानलेला जातो."

"काढून पाहिलंत?"

"पाहिलं, सर. कथा राहते. पण तांब्या राहत नाही."

परीक्षकांनी मान हलवली आणि मला विचारलं, "मार्गदर्शक म्हणून तुमचं मत?"

"तिचं बरोबर आहे," मी म्हणाले.

"तेवढा भाग परत दाखवता येईल?"

मुलीनं गाणं थोडं मागं नेलं. मी कागद बाजूला ठेवला आणि पडद्याकडे पाहिलं.