हळदीत तुटलेला दात

भामा नवीन पनवेलच्या एका दातांच्या दवाखान्यात सात वर्षं कामाला होती. फरशी पुसायची, पेशंटना नंबराप्रमाणे आत सोडायचं, अवजारं घासून वाफेच्या डब्यात लावायची. डॉक्टर अरुंधती तिला भामाताई म्हणत. गावात मात्र तिचं नाव डॉक्टरीण पडलं होतं. कुणाची दाढ ठणकली की बायका तिच्या ओट्यावर येऊन तोंड उघडून बसत, आणि ती खरोखरच आत बघून सांगे, "किडलीय. काढावी लागंल." थट्टाही होई. "भामे, पकड हाय का गो घरात? का दरवाज्याला दोरी बांधू?"

गाव पनवेल-उरण रस्त्यावरचं. तिच्या सासऱ्यांनी मिठागरात काम केलेलं, नवरा रामू न्हावा शेवा बंदराच्या ट्रेलरवर ड्रायव्हर. तो आठवड्यातले चार दिवस घरी नसे. मुलगी एकच, मनस्वी.

भामाला मशेरी लागायची. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने दातांना लावायची. गावातल्या तिच्या वयाच्या बहुतेक बायका लावत. कामाला लागल्यावर पहिल्याच महिन्यात डॉक्टरांनी तिच्या बोटाचं काळं टोक पाहिलं होतं.

"भामाताई, मशेरीने लोकांच्या तोंडाचं काय होतं ते इथे रोज बघता ना? इथे ती चालणार नाही. पुन्हा वास आला तर दुसरं काम बघा."

भामाने "सोडली मॅडम" असं सांगितलं. सोडली नव्हती. पहाटे पाचला लावायची, मग बोट लिंबाच्या सालीने घासायचं, वाटेत बडीशेप चघळायची. सात वर्षं हे निभलं.

२०११च्या मे महिन्यात तिच्या भावाचं, कुमारचं लग्न निघालं. भामाने तीन दिवसांची रजा घेतली. हळदीच्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला मंडपात डीजे लागला होता, पोरं नाचत होती. मनस्वी तेव्हा साडेआठ वर्षांची. नाचताना तिचा पाय वायरीत अडकला आणि तिचं तोंड मंडपाच्या लोखंडी खांबावर आपटलं.

बायकांनी तिला उचलून आत आणलं. ओठ फुटला होता. वरचा समोरचा एक दात तिरका तुटला होता, जवळजवळ अर्धा.

"दुधाचा हाय तो," भामाची काकू म्हणाली. "पडंल नि येल दुसरा. रडतेस कशाला गो?"

तो दुधाचा नव्हता. वर्षभरापूर्वी आलेला होता, कायमचा. हे त्या घरात फक्त भामाला माहीत होतं. तिने मुलीचा ओठ वर केला. तुटलेल्या जागी मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका होता. असा ठिपका दिसला तर त्याच दिवशी मुलाला आणा, दात जिवंत ठेवता येतो, हे डॉक्टर आयांना सांगत तेव्हा ती बाजूलाच ट्रे धरून उभी असे. दवाखाना त्या दिवशी साडेआठपर्यंत उघडा होता. रिक्षाने पाऊण तास.

बाहेरून हाका सुरू होत्या. नवऱ्या मुलाला हळद लावायची होती आणि करवली ती होती, एकुलती बहीण. तिच्याशिवाय हळदीला हात लागणार नव्हता.

"आये, वारा लागला का झोंबतं," मनस्वी म्हणाली.

"दोन मिंटं थांब."

काकूने कनवटीची डबी काढली. "चिमूटभर भर. बधिर होतं. आमी काय दातांच्या डॉक्टरकडं जात होतो?"

भामाने डबी घेतली. दवाखान्यात डॉक्टर किडलेल्या दाढेत औषध भरून ठेवत आणि तात्पुरतं झाकत, ते तिने पाहिलं होतं. तिने मशेरीची चिमूट त्या लाल ठिपक्यावर दाबली आणि वर कापसाचा बोळा बसवला. मुलगी एकदा जोरात किंचाळली. दहा मिनिटांनी ती गप्प झाली. भामा हळद लावायला गेली.

दुसऱ्या दिवशी लग्न झालं, तिसऱ्या दिवशी पूजा. दोन्ही दिवशी तिने पुन्हा चिमूट भरली. चौथ्या दिवशी दुखणं राहिलं नाही, आणि भामा कामावर गेली.

"कसं झालं लग्न?" डॉक्टरांनी विचारलं.

"चांगलं झालं, मॅडम."

एवढंच बोलणं झालं. मुलीला आणलं की पहिला प्रश्न येणार, दात कधी तुटला. दुसरा, त्याला काय लावलं. त्यापेक्षा मशेरी चार दिवसांत धुऊन जाईल, मग आणू, असं तिने ठरवलं. मुलगी हसत-खेळत होती. रामू घरी आला, त्याने मुलीचं तोंड बघितलं आणि म्हणाला, "तुझ्या मॅडमला दाखवलास का?" ती म्हणाली, "दाखवला. बघू बोलल्या."

एकोणिसाव्या दिवशी मनस्वी उठली ती वरचा ओठ नाकापर्यंत सुजवून. अंगात ताप होता. भामा तिला दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरांनी दात उघडला. आतून घाण वास आला. सुईच्या टोकाला काळी कणी लागली. ती त्यांनी कापसावर टेकवली, दिव्याखाली धरली, नाकाजवळ नेली.

"मनस्वी, दातात काय घातलं होतं गं?"

मनस्वीने आईकडे बघितलं. भामाने तिला काही शिकवलं नव्हतं. मशेरीवरून मॅडम कामावरून काढतील, हे मात्र त्या घरात रोजचं बोलणं होतं.

"माती," मनस्वी म्हणाली. "खेलताना पडले नि माती गेली."

डॉक्टरांनी सुई ट्रेमध्ये ठेवली. भामाने ट्रे उचलून बेसिनवर नेला.

त्या दिवशी डॉक्टरांनी भामाला सरळ सांगितलं. या वयात दाताचं मूळ अपुरं असतं, आतली नस जिवंत असेल तरच ते वाढतं. नस मेली आहे. मूळ आहे तेवढंच राहणार, पातळ आणि आखूड. औषध भरत राहायचं, बघायचं.

"किती दिवस, मॅडम?"

"दिवस नाही, वर्षं. तरी खात्री नाही."

भामा दर महिन्याला मुलीला आणू लागली. काम संपल्यावर शेवटचा नंबर तिचा. दाताचा रंग पिवळा, मग राखाडी होत गेला. डॉक्टरांनी तुटलेला भाग सिमेंटसारख्या मालाने भरून दिला. तो पांढरा होता आणि त्यामुळे वरचा राखाडी भाग जास्तच दिसे. शाळेत मुली विचारत, हा रंगवलाय का. गावात आता भामाच्या ओट्यावर दात दाखवायला कुणी येत नसे. काकू म्हणाली, "दुसऱ्यांचे दात बघत होतीस, तुझ्या पोरीचा बघ आधी." मशेरीबद्दल काकू काही बोलली नाही. भामाने मशेरी सोडली, पण त्याने मुलीच्या दातात फरक पडणार नव्हता.

पुढच्या वर्षी, ऑगस्टमध्ये, मनस्वीने पेरू चावला आणि दात हिरडीच्या रेषेत मोडला. डॉक्टरांनी एक्स-रे बघितला. उरलेलं मूळ काढावं लागणार होतं. पुढे काढता-घालता येणारा एक खोटा दात, जबडा वाढेल तसा बदलायचा. पक्का दात अठरा वर्षांनंतर.

इंजेक्शन देऊन झालं. बधिर व्हायला वेळ होता. डॉक्टर हातमोजे बदलत होत्या. भामा खुर्चीमागे उभी होती.

"मॅडम," ती म्हणाली, "ती माती नव्हती. मशेरी होती. मीच भरली. हळदीच्या दिवशी."

"माहीत आहे मला. पहिल्याच दिवशी वास आला होता."

"मग बोल्ला नाय तुमी?"

"बोलले असते तर पुढच्या महिन्यात तिला घेऊन आला असतात?"

डॉक्टरांनी दुसरा हातमोजा चढवला. खुर्चीतून मनस्वीचा आवाज आला. बधिर ओठामुळे शब्द नीट फुटत नव्हते.

"माती होती, मॅडम. आये उगाच बोलते."

दोघींनीही तिच्याकडे बघितलं. ती छताकडे बघत होती.

"बरं," डॉक्टर म्हणाल्या. "तोंड उघड. भामाताई, डोकं धरा."

भामाने मुलीचं डोकं दोन्ही हातांनी धरलं. मूळ निघायला चार मिनिटं लागली. डॉक्टरांनी ते मोजून केसपेपरवर लिहिलं. लांबी नऊ मिलिमीटर. त्या जागचं पूर्ण वाढलेलं मूळ तेराच्या आसपास असतं.