मी कहवा घेतला नाही

चाचांच्या ऑफिसात मी झाडलोट आणि चहासाठी लागले होते. मस्कतच्या वादी कबीर भागात गॅरेजांच्या ओळीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. चाचा रत्नागिरीचे. इथं त्यांना वीस वर्षं झाली होती, अरबी कागदांचं भाषांतर हा त्यांचा धंदा. तुरुंगातल्या आपल्याकडच्या माणसांची कामं मात्र ते फुकट करत. मुदतीआधी सुटका मिळावी म्हणून कैद्याची फाइल एका कमिटीपुढे जाते. तिची तारीख लागली की त्याआधी सगळे कागद गोळा करावे लागतात.

एकदा एका कैद्याच्या आईला फोन लावायचा होता आणि ती फक्त मालवणी बोलत होती. चाचांनी फोन माझ्या हातात दिला. तेव्हापासून गावाकडचे फोन माझ्याकडेच आले. मग तारखाही आल्या. मी एक वही केली. एका माणसाला एक पान, कोणता कागद आला, कोणता राहिला. चौथी शिकलेल्या बाईला एवढं जमण्यासारखं होतं. आलेल्या लोकांना चाचा सांगायचे, "ही आमची को-ऑर्डिनेटर!" मी आत जाऊन कप विसळायला लागायचे.

"बाय, तू फोनवर इतकं हळू बोलतेस, समोरच्याला वाटतं लाइन गेली," असंही ते म्हणायचे.

माझ्या वहीत एक पान आमच्याच तालुक्यातल्या एका ड्रायव्हरचं होतं. पाण्याचा टँकर चालवायचा. निझवा शहराच्या पुढे एका वळणावर त्याच्या टँकरखाली एक ओमानी तरुण गेला. चूक ड्रायव्हरची होती, ते त्याने पहिल्याच दिवशी कबूल केलं होतं. आता त्याची तारीख लागली होती, बारा दिवसांवर. सगळे कागद होते, एकच नव्हता. मेलेल्या मुलाच्या आईने लिहून द्यायचं होतं, की याला सोडलं तर माझी हरकत नाही. तो कागद असला की सुटका होतेच असं नाही, पण नसला तर फाइल मागे पडणार हे नक्की.

ड्रायव्हरच्या बायकोचा फोन रोज यायचा. व्हॉट्सअॅप नुकतंच आलं होतं, पण तिला त्याचं काही सुधरत नव्हतं. ती मिस्ड कॉल द्यायची आणि मी लावायचे.

"वयनी, गावलो काय तो कागद?"

"अजून नाही गो."

"बरां." एवढंच म्हणायची. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

चाचा त्या मेलेल्या मुलाच्या घरी दोनदा जाऊन आले होते. पुरुषांच्या बैठकीत मोठ्या भावाने त्यांचं छान आगतस्वागत केलं, खजूर आणि कहवा, म्हणजे त्यांची बिनदुधाची कॉफी, दिली आणि दोन्ही वेळा "इन्शाल्ला" म्हणून निरोप दिला. शेवटी भावाने सांगितलं, ठरवणार आई, आणि ती पुरुषांशी बोलत नाही. मग चाचांनी आपल्या बायकोला न्यायचं ठरवलं. निघायच्या दिवशी तिचे गुडघे आखडले. राहिले मी.

"मला नाही बोलता येणार, चाचा."

"बोलू नकोस. नुसती बस. बाई बसलेली असली तरी फरक पडतो."

गाडीत त्यांनी अरबीतलं एक वाक्य माझ्याकडून घोकून घेतलं. घराच्या दारात चपला काढताना ते माझ्या डोक्यातून साफ गेलं.

बायकांच्या खोलीत भिंतीला लागून गाद्या होत्या. आई काळ्या ओढणीत बसली होती. मला वाटलं होतं त्यापेक्षा लहानखुरी. तिच्या शेजारी तिची मुलगी. ती मस्कतला इस्पितळात भारतातून आलेल्या नर्सांबरोबर काम करायची, म्हणून हिंदी बोलायची. मुलीने खजुरांचं ताट सरकवलं आणि लहान कपात कहवा ओतून माझ्यापुढे ठेवला.

मी छातीवर हात ठेवला आणि मान हलवली. कप तसाच राहिला. आई कपाकडे बघत होती, माझ्याकडे नाही. थोड्या वेळाने मुलीने तो थंड कहवा बाजूला ओतला आणि गरम दिला. तोही मी घेतला नाही. आई अरबीत काहीतरी बोलली, आवाज कडक होता.

"अम्मी बोलती है, आपको क्या चाहिए वो मालूम है," मुलगी म्हणाली. "कप रखने से नहीं मिलेगा."

मला काही कळेना. "मैंने कप... नहीं, ऐसा नहीं," मी म्हणाले.

"फिर कॉफी क्यों नहीं पी?"

"हमारे गाँव में," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच ऐकू येईना, म्हणून पुन्हा म्हणाले, "हमारे गाँव में जिस घर का आदमी गया, उस घर में पहली बार मिलने जाते हैं तो पानी भी नहीं लेते. दुःख का घर है. मैं बहुत देर से आई, पर पहली बार आई."

मुलीने ते आईला सांगायला बराच वेळ घेतला. मग मला सांगितलं, की त्यांच्याकडे मागणं घेऊन आलेला पाहुणा कहवा समोर ठेवून बसतो, मागणं मान्य झालं तरच पितो. आईला वाटलं मी तसा हट्ट धरून बसले आहे. ती नाही म्हणणार होती.

आई उठून माझ्या शेजारी येऊन बसली. आमच्या मधे ते खजुरांचं ताट होतं, ते तिने हाताने दूर केलं. ती मुलाविषयी बोलायला लागली. मुलगी थोडं थोडं सांगत होती. त्याला भेंडी आवडायची नाही. तो झोपेत बोलायचा. त्याच्या लग्नाचं ठरत होतं. कागदासाठी माणसं येऊन गेली, असं आई म्हणाली, पण त्याच्यासाठी परक्यांपैकी कोणी आलं नव्हतं. मी ऐकत होते. एवढं मला येतं.

निघताना तिने माझा हात धरला आणि हळूहळू, मला समजावं म्हणून तुकडे करत, बोलली. मुलीने हिंदीत सांगितलं, "अम्मी साइन देगी. पर उसकी बीवी को बोलना, माफ नहीं किया. सिर्फ घर जाने देती है."

आईची सही झालेला कागद त्याच संध्याकाळी मोठ्या भावाने चाचांना दिला.

परतताना गाडीत मी सगळं सांगितलं तेव्हा चाचांनी कपाळावर हात मारला. "वीस वर्षं या देशात काढली मी! आणि दोन्ही वेळा मागणं सांगायच्या आधीच तीन-तीन कप पिऊन आलो! मस्कतच्या ऑफिसांत बसून ही गाववाल्यांची रीत कुठून कळायची?" हसता हसता त्यांचे डोळे भरले. मग म्हणाले, "बाय, त्याच्या बायकोला ते माफीचं नको सांगू. माफ केलं म्हण. कोण विचारायला येतंय?"

घरी येऊन मी पोळ्या केल्या, नवऱ्याला वाढलं, मुलीचा अभ्यास घेतला. तिला मराठी वाचताना अडखळायला होतं, तेवढ्यापुरती माझी मदत लागते. मिस्ड कॉल आला होता. मी फोन हातात घेऊन गॅलरीत गेले. माफ केलं म्हटलं असतं तर ती किती हलकी झाली असती. पण त्या आईने माझा हात धरून निरोप दिला होता, आणि तो माझा नव्हता.

मी सगळं जसंच्या तसं सांगितलं.

"त्यांचा बरोबर आसा, वयनी," ती म्हणाली. "माझो झील असतो तर मियाय केलंय नसतंय माफ." मग पहिल्यांदा रडली. "पण जावक दितत मां? घराक?"

"दितत," मी म्हणाले.

कमिटीने हो म्हटलं. त्याला तुरुंगातून थेट विमानतळावर नेलं, मी त्याला कधी पाहिलंच नाही. दोन दिवसांनी मिस्ड कॉल नाही, खरा फोन आला, तिच्या पैशाने.

"आयले ते, वयनी. जेवक बसलेत. मगे करतंय."

नंतर तिचा फोन आला नाही, आणि मला त्याचं बरं वाटलं.