ड्रायव्हरसाहेबांचा असिस्टंट

समोरच्या ड्रायव्हरसाहेबांचा गॅस भडभडा पेटलेला असताना मी त्यांच्या सोफ्यावर बसून "बंद" असं खणखणीत आवाजात सांगितलं.

मनमाडला रेल्वेचं इंजिन चालवून निवृत्त झालेले साहेब इंदिरानगरात आमच्यासमोरच्या फ्लॅटमध्ये राहत. इंजिनात एकाने सिग्नल बघून मोठ्याने बोलायचा, असिस्टंटने स्वतः बघून तोच पुन्हा बोलायचा, अशी पद्धत. साहेबांनी ती घरात आणली. "नळ बंद." "बंद." "कडी लावली." "लावली." बायको होती तोवर ती साथ द्यायची. ती गेल्यावर असिस्टंटची जागा मला मिळाली.

मी त्यांची पोटभर टिंगल केली. जिना उतरताना ते "रस्ता मोकळा" म्हणत आणि मी मागून शिट्टी वाजवी. ते चिडत नसत. "बोललेलं डोक्यात राहतं हो," म्हणत. "आणि ज्या दिवशी मी चुकीचं बोलेन, त्या दिवशी समोरच्याला कळलं पाहिजे."

त्या दिवसाला ते फार भीत. त्यांच्या थोरल्या भावाला शेवटी स्वतःचं घर ओळखू येत नव्हतं. म्हणून साहेब रोज मनमाडपासून इगतपुरीपर्यंतची स्टेशनं म्हणत, मग उलटी म्हणत. एकदा निफाडला अडकले. पुढचं येईना. मी घाईघाईने "कसबे सुकेणे" सांगितलं, वर गाडी क्रॉसिंगला थांबली असेल म्हणून हसलोही. ते हसले नाहीत. पुन्हा मनमाडपासून म्हणायला लागले.

मुलगी शोभा त्यांना मनमाडला आपल्या घरी न्यायचं म्हणू लागली. साहेबांना घर सोडायचं नव्हतं. मीच छातीठोकपणे तिला म्हणालो, मी रोज संध्याकाळी असतो की.

आणि मग ती संध्याकाळ. स्वयंपाकघरातून "गॅस बंद" असं ऐकू आलं. पेपरातून मान वर न करता मी "बंद" म्हटलं. जळका वास आला तेव्हा धावलो. दुधाचं पातेलं काळंठिक्कर, शेजारचं फडकं धुमसतंय, आणि साहेब जाळाकडे बघत हळूच विचारतायत, "बंद आहे ना? तुम्ही म्हणालात ना?"

शोभा त्यांना घेऊन गेली. तेव्हापासून माझा चष्मा जागेवर सापडला नाही, की मी मनमाडपासूनची स्टेशनं म्हणून बघतो.

परवा मनमाडला जाऊन आलो. साहेबांनी मला ओळखलं नाही. नाव सांगितलं, इंदिरानगर सांगितलं, जिन्यातली शिट्टीसुद्धा वाजवून दाखवली. शेवटी मी म्हणालो, "गॅस बंद."

साहेब उठले. भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेले, शेगडीच्या एकेका बटणावरून हात फिरवून परत आले. "बंद," म्हणाले.

मग माझ्याकडे बोट करून शोभाला सांगितलं, "हा माणूस न बघता बोलतो. याला इंजिनावर चढू देऊ नकोस."