बेचक्यातलं घरटं

आमच्या बाबांना कावळ्याचं घरटं वाचता येतं, असं गाव म्हणायचं. वैशाख सरत आला की ते हात मागे बांधून घरामागच्या झाडांखाली फिरायचे. कावळ्याने झाडाच्या पोटात, खालच्या बेचक्यात घर केलं असेल तर मृगाआधी मोठं वादळ येणार. उघड्या शेंड्यावर केलं असेल तर वारा गप्प राहणार. त्यांचा शब्द आल्यावरच गाव घरांवरची कवेलू, म्हणजे कौलं, उतरवायचं. ती झाडायची, फुटकी बदलायची, पुन्हा रचायची. यात दोन-तीन दिवस घरं बोडकी राहायची, म्हणून त्या शब्दाला किंमत. घरात पंचांग ठेवणारेही आधी बाबांकडे येत. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटायचा. आता त्या लोकांचा राग येतो, आणि बाबांचाही येतो.

एकोणीसशे पन्नासनंतरची पहिली वर्षं ती. आमचा जिल्हा तेव्हा चांदा. मला सासरच्यांनी परत आणून सोडलं होतं; तीन वर्षांत मूल नाही, एवढं कारण त्यांना पुरलं. विहिरीवर मी गेले की बायका आपली घागर जरा पलीकडे सरकवून घेत. तोंडावर कोणी काही बोलत नसे. बोलल्या असत्या तर मीही दोन शब्द ऐकवले असते.

त्या वर्षी बाबा आत्याच्या घरच्या लग्नासाठी आरमोरीला गेले आणि चांगले वीस दिवस राहिले. मागे आमच्या मोहाच्या झाडाच्या खालच्या बेचक्यात कावळीने घर केलं. मी गोठ्याकडे निघाले की ती डोक्यावर झेप घ्यायची. एका सकाळी तिचे पाय माझ्या केसांना लागले. कावळा डोक्याला शिवला की घरात मरण येतं, असं आमच्याकडे मानतात. कोणी पाहिलं नव्हतं. पण उद्या कोणी पाहिलं तर? टाकलेली बाई, आणि वर कावळा शिवलेली. मी वेळूची लांब काठी घेतली आणि घरटं खाली ओढलं. आत अंडी होती, ती फुटली. काटक्या गोळा करून चुलीत घातल्या.

कावळी दोन दिवस ओरडत राहिली. मग कुंपणापलीकडच्या बेहड्याच्या अगदी शेंड्यावर तिने नवीन घर बांधायला घेतलं.

बाबा आले, बेहड्याकडे पाहून खूश झाले. परत फिरताना मोहाखाली वाकले आणि काहीतरी उचललं. निळसर कवचाचा तुकडा होता.

"इथी घरटं होतं का, बाई?"

"नाई," मी म्हटलं. "वाऱ्यानं उडून आलं असन."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, तुकडा टाकला आणि हात धुतले. संध्याकाळी पारावर जाऊन त्यांनी सांगितलं की यंदा वारा नाही, घरं उघडा.

दोन दिवसांत आमची अख्खी गल्ली उघडी झाली. पुरुष छपरावर, बायका खाली रांगेत, कवेलू हातोहात उतरत होती. चारोळी विकायला येणारी एक गोंड म्हातारी आमच्या भिंतीशी थांबून खाली पाहत राहिली.

"मुंग्या अंडे घेऊन वर चढून राह्यल्या, भाऊ," ती बाबांना म्हणाली. "आज घर उघडू नोको."

"कावळा शेंड्यावर हाय," बाबा छपरावरून म्हणाले. "मुंग्याईले काय समजते?"

सगळे हसले. मी रांगेत उभी होते, हातात दोन कवेलू होती. एवढंच म्हणायचं होतं की बाबा, ते दुसरं घरटं आहे. तोंडात जीभ होती. पण मग पहिलं कोणी पाडलं, का पाडलं, हे सगळ्यांदेखत सांगावं लागलं असतं. मी हातातली कवेलू पुढच्या बाईकडे दिली.

दुपार कलली आणि उत्तरेकडून लाल धूळ उठली. आधी वारा, मग गारा. अंगणात रचलेली कवेलू गारांनी फुटली. लोक घोंगड्या, चटया, ताडपत्री घेऊन धावले, पण उघड्या घरावर काय काय झाकणार? बांबूच्या ढोल्यांत पेरणीचं धान होतं, ते तळापर्यंत भिजलं. पुढचे चार दिवस ऊन पडलंच नाही. पाचव्या दिवशी ढोल्या उघडल्या तर आतून गरम वाफ आली आणि बियाण्याला पांढरे कोंब फुटलेले.

गल्लीतले लोक आमच्या अंगणात आले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एकाने नुसतं सूप बाबांच्या पुढ्यात ठेवलं, त्यात कोंब आलेलं धान होतं.

"भाऊ, तुमीच सांगतलं होतं," तो म्हणाला.

मी दाराशी होते. बाबा सुपाकडे बघत राहिले. मोहाखालचा तो तुकडा त्यांना आठवला असणार. मला तर त्यांच्या बोटांत अजून दिसत होता. मला वाटलं, आता सांगतील. सांगावं असंही वाटलं आणि सांगू नये असंही.

"माही नजर चुकली," ते म्हणाले.

त्या वर्षी धानाच्या अर्ध्या बांध्या पडीक राहिल्या. बाबांना पुन्हा कोणी विचारलं नाही. तेही झाडाखाली गेले नाहीत. मोहाखालून जायचं झालं तर मान खाली घालून जायचे. त्यानंतर आम्ही दोघं एका घरात अकरा वर्षं राहिलो. माझ्यावर ते कधी चिडले नाहीत, माझ्या ताटात कधी कमी पडू दिलं नाही. फक्त मला काही विचारायचं त्यांनी सोडून दिलं. गाय पाणी प्याली का, भात शिजला का, एवढंसुद्धा नाही. उठायचे, झाकण काढायचे आणि स्वतः पाहायचे.